थंडीत बंद घर उघडताना

डिसेंबर उजाडला की शुक्रवार संध्याकाळपासून द्रुतगती मार्गावर गाड्यांची रांग लागते. त्यातले बरेच जण हॉटेलात नव्हे, स्वतःच्या घरी उतरणार असतात. लोणावळा, खंडाळा, तुंगार्ली, वलवण, कार्ला आणि पवना धरणाच्या आसपास मुंबई-पुणेकरांचे बंगले, रो-हाउस आणि फ्लॅट आहेत. वर्षातले बहुतेक दिवस त्यांना कुलूप असते. चार महिने पावसात भिजलेले, दिवाळीत फार तर एकदा उघडलेले असे घर थंडीतल्या एका रात्री अचानक जागे होते. दहा माणसे येतात, गीझर सुरू होतो, कुणी शेगडी पेटवते, आणि गारवा आत येऊ नये म्हणून दारे-खिडक्या लावून घेतल्या जातात.

युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात घर बंद करून बाहेरगावी जाणाऱ्यांना वेगळी चिंता असते. घर फार गार पडले तर नळातले पाणी गोठून पाइप फुटतात, म्हणून तिथे हीटिंग मंद चालू ठेवून जातात. मावळात तेवढी थंडी पडत नाही. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे, पहाटे बोचरा गारठा असतो, पण पाणी गोठत नाही. त्यामुळे आपल्या घरांत ऊब देणारी कायमची व्यवस्था नसते. गरज पडेल तेव्हा गॅस गीझर, रूम हीटर, पाणी तापवायचा रॉड किंवा निखाऱ्यांचे घमेले, असे हाताशी असेल त्यावर भागवले जाते. आपल्याकडचा धोका घर रिकामे असताना फारसा नसतो. तो असतो परतल्यानंतरच्या पहिल्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या आंघोळीला.

झोला यांची शेवटची रात्र

प्रसिद्ध फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला यांचा मृत्यू असाच झाला. २८ सप्टेंबर १९०२ रोजी ते पत्नीसह मेदां या गावातल्या आपल्या घरातून पॅरिसच्या घरी परतले. हवा गार होती, म्हणून झोपण्याच्या खोलीत कोळशाचा विस्तव पेटवला. धुराडे नीट ओढ घेत नव्हते. रात्री दोघांनाही अस्वस्थ वाटू लागले, पण त्यांनी नोकरांना उठवले नाही. सकाळी दार उघडले तेव्हा झोला मृतावस्थेत होते. पत्नी बेशुद्ध होत्या, त्या वाचल्या. पुढे घातपाताचाही संशय व्यक्त झाला, पण जीव घेतला तो कार्बन मोनॉक्साइड या वायूने, याबद्दल वाद नाही.

अलीकडचे उदाहरण जानेवारी २०२० मधले आहे. नेपाळमधील दामन येथे एका रिसॉर्टमध्ये केरळमधून गेलेले आठ पर्यटक एकाच खोलीत बेशुद्धावस्थेत सापडले आणि दगावले. त्यांत चार मुले होती. थंडीमुळे खोलीत गॅस हीटर लावला होता आणि दारे-खिडक्या बंद होत्या. दोन घटनांत ११७ वर्षांचे अंतर आहे, पण दोन्हीकडे नेहमीच्या राहत्या घरापासून दूर गेलेली किंवा तिथे नुकतीच परतलेली माणसे होती, पेटता विस्तव होता आणि खोली बंद होती.

हा वायू करतो काय?

कोळसा, लाकूड, गॅस, रॉकेल यांपैकी काहीही जळताना भरपूर हवा मिळाली तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. हवा कमी पडली की ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो डोळ्यांना झोंबत नाही. धूर झाला तर माणूस खोकत बाहेर येतो. हा वायू मात्र सावध करत नाही. स्वयंपाकाच्या गॅसला येणारा वास गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. त्यामुळे ‘वास आला नाही, म्हणजे गॅस नव्हता’ हा निष्कर्ष इथे चुकीचा ठरतो.

रक्तातले हिमोग्लोबिन फुप्फुसांतून ऑक्सिजन उचलून शरीरभर पोचवते. पण ऑक्सिजनपेक्षा कार्बन मोनॉक्साइडला ते दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. त्याच हवेत कार्बन मोनॉक्साइड हजारात एक भाग, म्हणजे केवळ ०.१ टक्का असला आणि माणूस काही तास त्या खोलीत राहिला, तर त्याचे जवळपास निम्मे हिमोग्लोबिन अडकून पडते. श्वास चालू असतो, छाती वरखाली होत असते, आणि तरीही मेंदू व हृदय ऑक्सिजनविना तडफडत असतात.

आता बाथरूमचा हिशेब करू. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे १५ किलो हवा लागते. मिनिटाला सहा लिटर गरम पाणी देणारा गॅस गीझर दहा मिनिटांत साधारण दीडशे ग्रॅम गॅस जाळतो. त्याला सव्वादोन किलो, म्हणजे जवळजवळ १,९०० लिटर हवेतला ऑक्सिजन लागतो. पाच फूट बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये एकूण हवाच सुमारे ६,८०० लिटर असते. बाहेरून हवा आली नाही, तर दहा मिनिटांत पाव हिश्शाहून अधिक ऑक्सिजन संपतो. पण ज्योत बिघडायला त्याआधीच सुरुवात होते. एकामागून एक चार जणांनी आंघोळ केली, तर चौथ्याच्या वाट्याला काय हवा येत असेल, याची कल्पना करा. बऱ्याच घरांत हा चौथा नंबर मुलांचा किंवा घरातल्या बाईचा असतो.

बंद घराची खासियत

शहरातल्या रोजच्या वापरातल्या गीझरमध्ये बिघाड झाला तर दोन-चार दिवसांत कुणाच्या तरी लक्षात येतो. बंद घरात तो महिनोन्‌महिने तसाच राहतो. लोणावळ्याच्या पावसाने धातूचे भाग गंजतात. बर्नरच्या छिद्रांत कोळी जाळे करतात. धूर बाहेर नेणाऱ्या पाइपच्या तोंडाशी पक्षी काड्या आणतात किंवा कुंभारीण माशी मातीचे घर बांधते.

त्यात आपण स्वतः भर घालतो. पावसाची झड आत येते, धुक्याने भिंती ओल्या होतात, माकडे शिरतात, म्हणून जूनमध्ये बाथरूमच्या झडपांवर प्लास्टिकचा कागद किंवा पुठ्ठा ठोकला जातो. पाऊस संपतो, पण कागद काढायचा राहून जातो. पाहुणे येतात तेव्हा हवा येण्याची एकमेव वाट बुजलेली असते.

‘आमच्या आजीने आयुष्यभर शेगडी वापरली, तिला काही झाले नाही,’ असे पुष्कळ जण सांगतात. आजीचे घर कौलारू होते. कौलांच्या फटींतून, झरोक्यातून, दाराखालून वारा खेळत असे. पाणी तापवायचा बंब अंगणात किंवा न्हाणीघराच्या बाहेर असायचा. शेगडी तीच राहिली, घर बदलले. स्लॅबचे छत आणि घट्ट बसणाऱ्या सरकत्या खिडक्या असलेल्या खोलीत तीच शेगडी जीवघेणी ठरते. आणखी एक गैरसमज म्हणजे ‘धूर येत नाही तोवर ठीक’. लालबुंद, धूर नसलेले निखारे हेच कार्बन मोनॉक्साइडचे मोठे उगमस्थान आहेत. लोणारी कोळसा धूर कमी करतो, वायू कमी करत नाही.

धोका कुणाला?

बंगल्याच्या मालकाकडे निदान बाहेरच्या भिंतीवर गीझर बसवण्याची ऐपत असते. बंगला वर्षभर राखणाऱ्या कुटुंबाचे तसे नसते. फाटकाजवळची एक खोली, वर पत्रा, एक लहान खिडकी, तीही थंडीमुळे गोणपाटाने झाकलेली. मालक रात्री बाहेर शेकोटी करून झोपायला जातात आणि उरलेले निखारे घमेल्यात भरून राखणदाराच्या खोलीत जातात. तिथे दोन लहान मुले झोपलेली असतात. या खोलीचा विचार फारसा कुणी करत नाही, म्हणून तो इथे मुद्दाम मांडतो आहे.

पवनाकाठच्या तंबूंनाही हेच लागू आहे. बार्बेक्यूची शेगडी विझत आली म्हणून उबेसाठी तंबूच्या आत घेणे म्हणजे अगदी लहान खोलीत कोळसा पेटवणे होय. तंबूचे कापड पाणी अडवते, तशी हवाही बऱ्याच प्रमाणात अडवते.

तिसरी जागा बाळंतिणीची खोली. शेक-शेगडी आणि धुरी देण्याची पद्धत अजून अनेक घरांत आहे, आणि वारा लागू नये म्हणून खोली बंद ठेवतात. तान्ह्या बाळाचा श्वासाचा वेग मोठ्यांपेक्षा जास्त असतो, त्यामुळे विषारी वायू त्याच्या शरीरात लवकर साठतो. गरोदर स्त्रीच्या पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन तर हा वायू आईपेक्षाही जास्त काळ धरून ठेवते. हृदयविकार, दमा, रक्तक्षय असणाऱ्यांना कमी प्रमाणातही त्रास होतो. बाळंतिणीला ऊब द्यायची तर गरम पाण्याची पिशवी, लोकरी कपडे आणि बाळाला आईच्या अंगाची ऊब पुरेशी आहे.

ओळखायचे कसे?

सुरुवातीला डोके दुखते, गरगरते, मळमळते, पाय लटपटतात, झोप येते. ही लक्षणे इतकी साधी आहेत की प्रवासाचा शीण, पित्त, बाहेरचे खाणे किंवा रात्री घेतलेली दारू यांवर खापर फोडले जाते. पण तीन खुणा लक्षात ठेवा. घरातल्या एकापेक्षा जास्त माणसांना एकाच वेळी सारखा त्रास होतो, ताप नसतो, आणि मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटते. घरातले कुत्रे-मांजर सुस्तावले असेल, तर तीही खूण समजा.

प्रमाण वाढले की माणूस गोंधळतो, छातीत दुखते, फिट येते, शुद्ध हरपते. गॅस गीझर लावून आंघोळ करताना फिट आल्याच्या रुग्णांची नोंद आपल्या देशातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी वेळोवेळी केली आहे. अशा वेळी कारण विचारले नाही, तर मिरगी समजून गोळ्या सुरू होण्याचा धोका असतो. म्हणून बाथरूममध्ये कुणी बेशुद्ध पडले किंवा फिट आली, तर तिथे कुठला गीझर आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगा. त्या एका वाक्याने निदानाची दिशा बदलते.

करोनाच्या काळात घरोघरी आलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. ऑक्सिजन लागलेले हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड लागलेले हिमोग्लोबिन यांतला फरक त्या साध्या यंत्राला कळत नाही. रुग्ण गंभीर असतानाही ते ९८ दाखवू शकते. आकडा चांगला आहे म्हणून घरी थांबू नका. त्वचा लालबुंद होते असे पुस्तकात असते, पण जिवंत रुग्णात ते क्वचितच दिसते. त्याची वाट पाहू नये.

तातडीने काय करावे?

आत जाणाऱ्याने आधी स्वतःचा विचार करावा. वाचवायला गेलेला दुसरा माणूसही तिथेच कोसळू शकतो. दार पूर्ण उघडा, खिडकी उघडा, शक्य असेल तर बाहेरूनच सिलिंडर बंद करा आणि रुग्णाला ओढून मोकळ्या हवेत आणा. श्वास चालू असेल तर कुशीवर झोपवा. श्वास नसेल आणि येत असेल तर छातीवर दाब देणे सुरू करा. १०८ ला फोन करा आणि ‘बंद खोलीत गॅस गीझर किंवा शेगडी चालू होती’ हे स्पष्ट सांगा. कांदा हुंगवणे, तोंडात पाणी किंवा लिंबू सरबत ओतणे यात वेळ घालवू नका. बेशुद्ध माणसाच्या श्वासनलिकेत पाणी जाऊ शकते.

उपचार म्हणजे ऑक्सिजन, आणि तोही पूर्ण क्षमतेने, घट्ट बसणाऱ्या मास्कमधून. साध्या हवेत रक्तातले या वायूचे प्रमाण निम्मे व्हायला चार ते पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-सव्वातास. रक्ताची नेमकी तपासणी प्रत्येक ठिकाणी होत नाही. पण संशय आला की तपासणीची वाट न पाहता ऑक्सिजन सुरू करता येतो, आणि तो जवळच्या सरकारी रुग्णालयातही असतो. म्हणून मोठे रुग्णालय गाठण्यासाठी घाट उतरण्यापूर्वी जवळच्या ठिकाणी ऑक्सिजन सुरू करून घ्या. त्या खोलीत असलेल्या सगळ्यांना तपासून घ्या, फक्त बेशुद्ध पडलेल्याला नव्हे. बरे झालेल्या काही रुग्णांत काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसराळूपणा, चिडचिड, चालण्यात बदल दिसू लागतो. तसे झाले तर पुन्हा डॉक्टरांना दाखवा.

साचलेल्या पाण्याचे काय?

विजेच्या गीझरमधून हा वायू येत नाही, म्हणून बाथरूमसाठी तो अधिक सुरक्षित. मात्र बंद घरात त्याचीही काळजी घ्यावी लागते. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील एका हॉटेलात भरलेल्या माजी सैनिकांच्या अधिवेशनानंतर अनेकांना न्यूमोनिया झाला आणि जवळपास तीस जण दगावले. पुढच्या वर्षी त्यामागचा जिवाणू सापडला. त्याला लेजिओनेला म्हणतात. तो साचलेल्या कोमट पाण्यात, साधारण २० ते ४५ अंश तापमानात वाढतो आणि शॉवरच्या बारीक तुषारांतून फुप्फुसांत जातो. आपल्याकडे त्याची तपासणीच कमी होते. ज्येष्ठ, धूम्रपान करणारे आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी विशेष जपावे.

उपाय सोपा आहे. अनेक आठवड्यांनी घर उघडल्यावर शॉवर न लावता सर्व नळ काही मिनिटे वाहू द्या आणि तेवढा वेळ बाथरूमबाहेर थांबा. गीझर ६० अंशांपर्यंत तापवून ते पाणीही नळातून सोडा. आंघोळीला मात्र गार पाणी मिसळूनच घ्या, कारण ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत भाजते. सौर बंब असेल तर जास्त सावध राहा. बरेच दिवस न वापरलेल्या टाकीतले पाणी त्याहून कितीतरी गरम असू शकते. पहिला नळ मुलांना उघडू देऊ नका.

हल्ली फोनवरून गीझर किंवा हीटर चालू करण्याची सोय आली आहे. खालापूरच्या टोलनाक्यावरून बटण दाबले की घरी पोचेपर्यंत पाणी गरम! पण टाकीत पाणी आहे का, वायर उंदराने कुरतडली आहे का, हीटरसमोर गादी पडली आहे का, हे फोनला दिसत नाही. रिकाम्या घरात काहीही तापवायला लावू नका.

निघताना आणि परतल्यावर

*घर बंद करताना:* सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा. गीझर, हीटर आणि रॉडचे स्विच बंद करून शक्य असेल तिथे प्लग काढा. शेगडीतले निखारे पाणी ओतून पूर्ण विझवा आणि राख बाहेर ठेवा. झडपांवर प्लास्टिक लावले असेल, तर दारावर आतून तशी चिठ्ठी चिकटवा.

*घर उघडताना:* दिवा लावण्याआधी दार उघडा आणि वास घ्या. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. वास आला तर कुठलेही बटण न दाबता बाहेर या आणि १९०६ या क्रमांकावर कळवा. वास नसेल तर सगळ्या खिडक्या किमान अर्धा तास उघड्या ठेवा, झडपा मोकळ्या करा. गीझरची ज्योत निळी आहे का ते पाहा. पिवळी असेल किंवा आजूबाजूला काजळी दिसत असेल तर तो वापरू नका. नळाला पाणी आल्याशिवाय विजेचा गीझर लावू नका.

*आंघोळ करताना:* गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवलेला असावा. तो आतच असेल तर बाहेरच बादली भरून घेतो तसे करा. म्हणजे दार उघडे ठेवून बादली भरा, गीझर बंद करा आणि मगच दार लावून आंघोळ करा. दोघांच्या आंघोळीमध्ये हवा खेळू द्या.

*झोपताना:* झोपण्याच्या खोलीत शेगडी, घमेले किंवा गॅसचा हीटर नको, खिडकी थोडी उघडी असली तरी नको. विजेचा हीटर पांघरुणापासून तीन-चार फूट दूर ठेवा आणि झोपताना बंद करा. घरात गॅस किंवा कोळसा वापरणार असाल, तर कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे अलार्म यंत्र बाजारात मिळते, ते झोपण्याच्या खोलीजवळ लावा. धुराचा किंवा एलपीजी गळतीचा अलार्म हे काम करत नाही, हे विकत घेताना तपासून पाहा.

आणि पुढच्या शनिवारी बंगल्यावर जाताना सामानात दोन जाड ब्लँकेट जास्तीची घ्या. ती फाटकाजवळच्या खोलीसाठी. तिथल्या खिडकीवरचे गोणपाट बाजूला सारून हवेला वाट आहे का ते पाहा, रात्री शेकोटी संपली की निखाऱ्यांवर स्वतःच्या हाताने पाणी ओता, आणि राखणदाराला ते का ओतले हेही समजावून सांगा.